नदी मेली तिथलीच गावे सापडतात

हडप्पा संस्कृतीच्या स्थळांचा कुठलाही नकाशा समोर घ्या. आज थेंबभर पाणी नसलेल्या, पाकिस्तानातल्या चोलिस्तानच्या वाळवंटात, हाकरा नदीच्या कोरड्या पात्रालगत, ठिपक्यांची नुसती रास पडलेली दिसते. सिंधू अजून वाहते आहे. पण तिच्या पूरमैदानात मोहेंजोदडो, चन्हुदडो अशी काही नावे सोडली तर ठिपके विरळ. १९७४ ते १९७७ या काळात पुरातत्त्वज्ञ रफिक मुघल यांनी चोलिस्तान पायाखाली घातला आणि चारशेच्या आसपास स्थळे नोंदवली. तेव्हापासून या नकाशावरून वाद चालू आहेत. ठिपके जास्त तिथे माणसे जास्त, माणसे जास्त तिथे संस्कृतीचे केंद्र, आणि केंद्र जिथे तिथे आमचा वारसा, अशी सरळसोट बेरीज मांडली जाते.

या बेरजेत नदीला कोणी धरलेलेच नाही. हाकराकाठची गावे आपल्याला दिसतात, कारण हाकरा आटली. गाळ आणून टाकणारी नदी उरली नाही, वरची माती वाऱ्याने उडवली आणि खापरे उघडी पडली. सिंधू मात्र टिकली, आणि टिकली म्हणून पुरामागून पूर हजारो वर्षे तिथल्या मैदानावर गाळाचे थर चढवत राहिली. तिच्या काठी किती गावे होती हे आजच्या जमिनीवर फिरून कळणार कसे? नकाशात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: माणसे कुठे राहिली, आणि गाळ कुठे पडला नाही. नुसता नकाशा पाहून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. हाकराचे महत्त्व कमी करण्याचा माझा हेतू नाही. ठिपके मोजून ते सिद्ध होत नाही, इतकेच.

आणि हा काही फक्त पुरातत्त्वाच्या वर्गातला प्रश्न नाही. कोणती जमीन खोदायची, कुठे कालवा काढायचा, कुठल्या मातीच्या विटा पाडायच्या, हे ठरवताना सरकारे हाच नकाशा उघडतात. ठिपका नसला की शेरा पडतो, ‘येथे काही नाही’.

सपाट मुलखातली नदी कशी वागते ते आधी पाहू. पूर काठाबाहेर आला की पाण्याचा वेग एकदम पडतो. जड वाळू काठालगतच बसते, बारीक पोयटा लांबवर पसरतो. असे वर्षानुवर्षे होत राहिले की पात्राच्या दोन्ही अंगांना पूरतट उभे राहतात, बाजूच्या मैदानापेक्षा हात-दोन हात उंच. जिथे नजर जाईल तिथपर्यंत जमीन सपाट आहे तिथे हात-दोन हात म्हणजे डोंगरच. पाणी जवळ, पाय कोरडे; साहजिकच वस्ती तिथे होते. पण पात्राचा तळही भरत असतो. काही शतकांनी नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागते आणि एखाद्या पुरात पूरतट फोडून सखल बाजूला उतरते. हे किती झपाट्याने होते ते कोसीने आपल्याच डोळ्यांदेखत दाखवले. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा येथे बांध फुटला आणि नदी जवळजवळ १२० किलोमीटर पूर्वेला, आपल्याच जुन्या वाटांनी धावू लागली. तिला कोणी नवा रस्ता दाखवला नव्हता. जुना तिच्या लक्षात होता म्हणायचे.

नदीच्या या वागण्यात गावाचे काय होते ते गाव कुठे आहे यावर ठरते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर दरड ढासळत ढासळत ते अख्खेच पाण्यात जाते आणि खापराचा तुकडाही जागेवर राहत नाही. नदी दूर गेली तर ते उघड्यावर राहते, लोक उठून जातात आणि पुढे आपल्याला सापडते. नदी जवळच राहिली आणि भरत गेली तर ते झाकले जाते. या तिसऱ्या प्रकारातली गावे सगळ्यांत चांगली जपलेली असतात, आणि नेमकी तीच सर्वेक्षणात सर्वांत कमी दिसतात.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मातीची घरे पडतात, त्यावर नवी उठतात आणि वस्तीची जागा उंच होत जाते. मराठीत शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढर म्हणतात. उजाड गावाच्या उंचवट्याला पांढरीचे टेकाड. इराकमध्ये त्याला टेल म्हणतात, इजिप्तमध्ये कोम. या टेकाडाची आणि गाळाची शर्यत चालू असते. हजार वर्षे गजबजलेले शहर गाळापेक्षा लवकर वर चढते, त्यामुळे त्याचा माथा आजही मैदानाबाहेर डोकावतो. दोन पिढ्या नांदून उठून गेलेली दहा घरांची वाडी ही शर्यत हरते आणि मैदानाखाली सपाट होते. म्हणजे नद्यांच्या खोऱ्यांतला प्राचीन इतिहास शहरांचा, राजवाड्यांचा आणि कोठारांचा वाटतो त्याला इतिहासकारांची आवड जशी कारण आहे तसा गाळही. शेतकरी पुस्तकातून गळला त्याआधी तो जमिनीच्या पृष्ठभागावरून गळलेला होता.

बरे, जी टेकाडे वर राहिली त्यांचे तरी संपूर्ण चित्र हाती आहे का? मोहेंजोदडोचेच पाहा. १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी तिथे खोदायला सुरुवात केली. आज शंभर वर्षांनीही त्या शहराच्या पहिल्या वस्तीपर्यंत उत्खनन पोचलेले नाही. आजूबाजूचे मैदान इतके वर आले आहे की सर्वांत जुने थर भूजलाच्या पातळीखाली बुडाले आहेत. १९५० मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पंप लावून खाली जाण्याचा प्रयत्न केला. साठच्या दशकात पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स आणि जलशास्त्रज्ञ रॉबर्ट रेक्स यांनी बोअर घेतले, तेव्हा आजच्या मैदानाखाली सुमारे १२ मीटरपर्यंत वस्तीच्या खुणा लागल्या. चार मजली इमारतीइतके शहर जमिनीत गाडलेले आहे. रेक्स यांनी त्यावर सिद्धान्त मांडला की भूकंपाने शहराच्या खालच्या अंगाला सेहवानजवळ जमीन उचलली गेली, सिंधू तुंबली आणि शहर चिखलात बुडाले. सिंधचे अभ्यासक लॅम्ब्रिक यांनी तो खोडून काढला. त्यांच्या मते नदी उलट दूर सरकली आणि शहराचा आधार गेला. एकाच शहराच्या मरणाची दोन कारणे, एकात नदी फार जवळ आली आणि दुसऱ्यात फार लांब गेली! यातले खरे कोणते हे मला इथे ठरवायचे नाही. पण संस्कृतीच्या उगमाविषयी, तिच्या पहिल्या नागरिकांविषयी छातीठोकपणे बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की सर्वांत प्रसिद्ध शहराची पहिली काही प्रकरणे अजून कोणी वाचलेलीच नाहीत. ती पाण्याखाली आहेत.

गाळामुळे एखाद्या समाजाचा स्वभावच कसा चुकीचा वाचला जातो, याचे उदाहरण इजिप्तचे. प्राचीन इजिप्शियन माणूस मरणाच्या ध्यासाने पछाडलेला होता, असे शाळेपासून आपल्या मनावर ठसलेले असते. थडगी, ममी, पिरॅमिड. पण हे लोक राहत कुठे होते? नाईलच्या पूरमैदानात, कच्च्या विटांच्या घरांत. नाईल तिथे शतकाला ढोबळमानाने दहा सेंटीमीटर गाळ टाकत आली. पाच हजार वर्षांत पाच मीटर. मेलेल्यांना मात्र त्यांनी पुराच्या कक्षेबाहेर, वाळवंटाच्या कडेला ठेवले, कारण पेरणीची जमीन प्रेतांसाठी कोण अडवणार? परिणाम असा की घरे चिखलाखाली आणि आजच्या गावांखाली गेली, थडगी कोरड्या वाळूत ताजी राहिली. इजिप्तमधल्या राहत्या वस्त्या म्हणून जी दोन नावे सर्वांत गाजली, अमार्ना आणि देर एल-मदिना, ती दोन्ही वाळवंटाच्या काठावरची आहेत, हा योगायोग नाही. आणि जे टेकाड मैदानातही वर राहिले ते शेतकऱ्यांनी नेले. तिथे जुन्या टेकाडाच्या मातीला सेबाख म्हणतात आणि ती खत म्हणून शेतात टाकायची जुनी रीत. आपल्याकडे पांढरीच्या मातीचे हेच झाले आहे. अमार्नाच्या प्रसिद्ध मातीच्या पाट्या १८८७ मध्ये अशीच माती उकरताना हाती आल्या असे सांगतात.

त्याच नाईलच्या त्रिभुज प्रदेशात एका नदीच्या शाखेने पुरातत्त्वज्ञांना काही दशके चकवले. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याची राजधानी पी-रामसेस कुठे होती? पिएर मोंते यांनी १९२९ पासून तानिस येथे खोदले आणि त्यांना रामसेसच्या नावाचे दगड, पुतळे, स्तंभ ढिगाने मिळाले. राजधानी सापडली, असे त्यांनी धरले. पण दगड रामसेसचे असले तरी त्यांच्याखालची खापरे त्याच्या काळाची नव्हती. पुढे मानफ्रेड बीटाक यांच्या कामातून उलगडले की खरी राजधानी दक्षिणेला कांतिर येथे, नाईलच्या पेलुसियाक शाखेवर होती. ती शाखा गाळाने भरली, बंदर निरुपयोगी झाले आणि नंतरच्या राजांनी जुन्या राजधानीचे दगड-पुतळे उचलून तानिसला नेले. मूळ शहर शेतांखाली सपाट झाले. जमिनीची चुंबकीय मोजणी केली तेव्हा त्याच्या भिंती आणि रस्ते पुन्हा उमटले. वर काही नव्हते. भाजीपाला होता.

इराकच्या सखल भागात तर गावे अपघातानेच सापडतात. रास अल-अमिया हे उबैद काळातले, म्हणजे तिथली मोठी शहरे उभी राहण्याआधीचे, स्थळ कालवा खोदताना लागले आणि १९६० मध्ये डेव्हिड स्ट्रोनाक यांनी तिथे उत्खनन केले. जमिनीवर त्याची एकही खूण नव्हती. कालव्याची आखणी शंभर पावले इकडे-तिकडे झाली असती तर आजही नकाशात ती जागा कोरी असती. तेल एल-ओवेली येथे दक्षिण मेसोपोटेमियातली सर्वांत जुनी ज्ञात वस्ती मिळाली, आणि तिचेही तळाचे थर भूजलाखाली आहेत. मग ‘दक्षिण इराकमध्ये शेती उशिरा पोचली’ असे जेव्हा वाचतो, तेव्हा मी मनात दुरुस्ती करून घेतो: पोचल्याचा पुरावा उशिराचा आहे.

गाळाची दुसरी खोड अशी की तो दिसला रे दिसला की लोकांना पुराण आठवते. १९२९ मध्ये लिओनार्ड वुली यांना दक्षिण इराकमधल्या उर येथे मानवी खुणा नसलेला सुमारे तीन मीटरचा गाळाचा थर लागला आणि त्यांनी तो थेट बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयाशी जोडला. जवळच्याच एरिदूत तसा थर नाही. नदी एका शहरावर चढली होती, जगावर नाही. हस्तिनापूरला १९५० ते १९५२ मधल्या उत्खननात बी. बी. लाल यांना गंगेच्या पुराच्या खुणा मिळाल्या आणि निचक्षू राजाने पुरामुळे राजधानी कौशांबीला हलवली या पुराणातल्या उल्लेखाशी त्यांनी त्या जोडल्या. पूर खरा होता. पण गंगेकाठच्या कोणत्या टेकाडात पुराचा थर मिळणार नाही? जी गोष्ट त्या काठावर पुन्हा पुन्हा घडते ती एका विशिष्ट प्रसंगाचा दाखला म्हणून फार उपयोगाची नाही.

गाळ काय जपून ठेवतो हे पाहायचे तर चीनमधल्या हनान प्रांतातले सानयांगच्वांग पाहावे. २००३ मध्ये पाटाचे खोदकाम चालू असताना हे हान काळातले शेतकऱ्यांचे गाव सुमारे पाच मीटर खोल लागले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात पीत नदीच्या पुराने ते झाकले. कौलारू छपरे, विहिरी, अंगणे, नांगराचे तास, मऊ चिखलात उमटलेले तुतीच्या पानांचे ठसे, सगळे जागच्या जागी. त्याच्या खाली आणखी जुन्या जमिनी आहेत. मला वाटते, या एका गावाने हान काळच्या शेतकऱ्याविषयी जे सांगितले ते कित्येक राजथडग्यांनी सांगितले नाही. जवळच्याच कायफेंगमध्ये शहरावर शहर अशा थप्प्या आहेत. १६४२ च्या वेढ्यात बांध फोडले गेले आणि शहर बुडाले. सोंग काळातली राजधानी त्याच्याही कितीतरी खाली. १०४९ मध्ये बांधलेला उंच मनोरा तिथे अजून उभा आहे. तो ज्या टेकडीवर बांधला होता ती टेकडी गाळाने गिळली.

तर मुद्दा कायद्याचा. बहुतेक देशांत वारशाचे कायदे ठिपक्याभोवती वर्तुळ काढतात. भारतात २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. देवळाला, किल्ल्याला, लेण्याला हे ठीक. पण वर्तुळाला केंद्र लागते. पूरमैदानात केंद्रच अदृश्य असते, म्हणून तिथला कायदा जवळजवळ शून्यावर येतो. वीटभट्टीसाठी पोयटा खणला जातो, पात्रातली वाळू उपसली की पात्र खोल जाऊन काठ ढासळतात, पुलांचे पाये खाली उतरतात, आणि यातल्या प्रत्येक ठिकाणी कागदावर काहीच नसते.

यावर एक उत्तर नेहमी मिळते, आणि ते अगदीच पोकळ नाही: गाडलेले सुरक्षित आहे, असू द्या. खरे आहे, उकरण्यापेक्षा झाकलेले बरे. पण ते सुरक्षित राहते ते ओलाव्यामुळे. मेगॅस्थेनिसच्या आधारे एरियन या ग्रीक लेखकाने लिहिले आहे की भारतात नदीकाठची शहरे लाकडाची असत, कारण पाऊस आणि पूर यांपुढे विटा टिकत नाहीत. उंचावरची शहरे विटा-मातीची. पाटलिपुत्राच्या लाकडी तटाचे प्रचंड वासे पाटण्यातल्या बुलंदीबाग येथे खरोखरच निघाले, दोन हजारांहून अधिक वर्षांनी. ओल्या मातीत हवा पोचत नाही म्हणून लाकूड कुजत नाही. पंपांनी भूजल खाली गेले की तेच लाकूड काही वर्षांत भुसा होते, आणि वर उभ्या असलेल्या कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. झाकलेले सुरक्षित आहे असे म्हणणाऱ्याने भूजलाची पातळीही सांभाळायची हमी दिली पाहिजे. ती कोणी देत नाही.

उपग्रहावर विसंबणाऱ्यांविषयी थोडेच सांगतो. उपग्रहचित्रांनी जुनी पात्रे शोधायला फार मोठी मदत केली आहे आणि शोध कुठे घ्यायचा हे ती उत्तम सांगतात. पण पाच मीटर पोयट्याखालची चूल आकाशातून दिसत नाही. तिथे जमिनीत नळीच घालावी लागते.

आणि ती घालता येते. पुरातत्त्वीय वारसा जपण्यासाठीच्या १९९२ च्या व्हॅलेटा करारानंतर युरोपात तत्त्व रुजले की जमीन उलथणाऱ्याने आधी तपासायचे आणि खर्च प्रकल्पात धरायचा. नेदरलँड्ससारख्या गाळाच्याच देशात त्याला अर्थ आला, कारण तिथे बोअर घेणे हा तपासणीचा नेहमीचा भाग आहे. बेतुवे रेल्वेमार्ग आखताना हार्डिंक्सफेल्ड-हीसेनडाम येथे १९९७-९८ मध्ये गाडल्या गेलेल्या वाळूच्या उंचवट्यांवर सात हजार वर्षांपूर्वीच्या शिकारी-मासेमार लोकांच्या वस्त्या निघाल्या, दलदलीच्या मातीखाली अनेक मीटर खोल. रेल्वेही झाली. इंग्लंडमध्ये मस्ट फार्म येथे विटांच्या मातीच्या खाणीत कांस्ययुगातली, नदीवर खांबांवर उभी असलेली वस्ती मिळाली. जळून पाण्यात कोसळलेली, भांड्यांत अन्नाचे अवशेष असलेली. २०१५-१६ च्या त्या उत्खननाच्या खर्चाचा वाटा खाणीच्या मालक कंपनीने उचलला.

सगळीकडे बोअर घ्या, असे मी म्हणत नाही. तसे करणारा देश दिवाळखोर होईल, आणि चार इंची नळी दहा घरांच्या वाडीच्या मधून जाऊनही दोन घरांच्या फटीतून निसटू शकते. पण नदी कशी वागते हे माहीत असेल तर जागा निवडता येतात: जुने पूरतट, सोडलेल्या पात्रांचे काठ, नालाकृती सरोवरांच्या कडा. आणि एक गोष्ट तर जवळजवळ फुकट आहे. पूल, धरण, जलवाहिनी, मोठी इमारत यांच्या आधी अभियंते मातीचे बोअर घेतातच. दर थरातली माती कोणती, किती खोल, किती घट्ट, याची नोंद ठेवतात, पाया किती खाली न्यायचा ते ठरवतात आणि फाइल बंद करतात. डच लोकांनी अशा नोंदी सार्वजनिक करून ठेवल्या आहेत. इतरत्र त्या ठेकेदाराच्या कपाटात असतात. त्या तक्त्यात खापर, कोळसा, हाडे, राख यांच्यासाठी एक रकाना वाढवायचा आणि तक्ता खुला करायचा, एवढे जरी सक्तीचे झाले तरी काही वर्षांत पूरमैदानांखालचा नकाशा बदलू लागेल.

एक अट मात्र हवी. खापर सापडले की जमीन अडकते, काम थांबते, खेटे सुरू होतात, असे असेल तर नोंद कधीच होणार नाही. खापर त्याच रात्री नदीत जाईल. विहीर खणणाऱ्यांना, भट्टीवाल्यांना, बोअर मारणाऱ्यांना काय खोलीवर काय लागते ते आधीपासून माहीत आहे, आणि ते बोलत नाहीत तेही शहाणपणानेच. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद त्यांच्याकडून वस्तू न हिसकावता घेण्याची योजना चालू आहे, आणि लोक नोंदी करतात. नोंद आणि जप्ती या दोन गोष्टी कायद्याने आधी वेगळ्या कराव्या लागतील. तोवर बोअरच्या तक्त्यात कुठेतरी ‘७.५ मीटर, काळसर माती, कोळशाचे कण’ अशी ओळ लिहिलेली असेल, आणि पुढच्या रकान्यात अभियंत्याचा शेरा असेल: भराव समजून काढून टाकणे.